अनसूयेच्या कोयत्याचं म्यान

"मास्तरानू, खिडकी लावून घेवा! चुडत भितूर येतला!"

मी पुस्तकातून मान वर काढेपर्यंत खिडकीबाहेर काहीतरी लखकन हललं आणि माडाची वाळकी झावळ गजांवर आपटून खाली गेली. टेबलावर, माझ्या चहात, उघड्या पानांवर धूळच धूळ. गजांपलीकडे, बरोबर माझ्या डोळ्यांसमोर, एक बाई माडाला बिलगून बसली होती. पायांत काथ्याचा फास, साडीचा घट्ट काष्टा, हातात मोठा वाकडा कोयता. ती हसत होती.

"सांगान काय उपेग नाय," ती म्हणाली. "काय वाचतास एवढा?"

"पुस्तक," मी म्हणालो.

"ता माका दिसता. पुस्तकात काय आसा?"

मी काहीतरी उत्तर दिलं असणार. ते शहाणपणाचं नसणार, कारण ती आणखी मोठ्यानं हसली, कोयता पाठीमागे कमरेच्या आकडीला अडकवला आणि सरसर खाली गेली.

आमच्या शाळेचं ग्रंथालय माडीवर होतं आणि अंगणातले माड अजून तरुण होते, त्यामुळे त्यांचे शेंडे नेमके माझ्या खिडकीला लागत. मी त्या शाळेत ग्रंथपाल होतो. वेंगुर्ल्याकडचं एक आडबाजूचं गाव. पुस्तकं द्यायची, घ्यायची, फाटलेली बांधायची. गाव मला बुकमास्तर म्हणे. मी कोल्हापूरकडचा, आडनाव सातपुते, लग्न न झालेला, देवळामागच्या खोलीत राहणारा, एवढंच गावाला ठाऊक होतं. त्याहून जास्त कुणी विचारलं की मी पुस्तकाबद्दल बोलायला लागायचो, आणि मग माणसं आपोआप उठून जात.

अनसूया ही दाजी गिरपांची एकुलती एक मुलगी. नारळ पाडणाऱ्याला तिकडे पाडेली म्हणतात. दाजींच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तेच काम. दाजींचे गुडघे गेले, मुलगा नव्हता, तेव्हा एक दिवस तिनेच बापाची दोरी आणि कोयता घेतला आणि ती माडावर चढली. गावानं चार दिवस तोंडं वाकडी केली. पुढे नारळ वेळेवर खाली यायला लागले, तशी तोंडं सरळ झाली.

शाळेच्या माडांची पाळी आली की ती मुद्दाम खिडकीजवळचा माड शेवटी ठेवी, असं मला वाटायचं. खरं असेल, नसेलही. मला माझ्याबद्दल असल्या गोष्टी फारशा खऱ्या वाटत नाहीत. पण ती वरून विचारायची, "मगे, त्या राजाचा काय झाला?" आणि मी आदल्या वेळी अर्धी ठेवलेली गोष्ट पुढे सांगायचो. गोष्ट संपवायची नाही, एवढी अक्कल मला होती.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला एसटीवर नवीन कंडक्टर आला. कदम नावाचा, घाटावरचा, मिशाळ. त्यानं अनसूयेला गाडीतून खाली उतरवलं. मी तेव्हा स्टँडवर वर्तमानपत्राच्या गठ्ठ्याची वाट बघत उभा होतो.

"कोयता उघडा चालायचा न्हाई, बाई. रूल हाय."

"कालपर्यंत चालत होतो!"

"काल मी नव्हतो. माझ्या मागल्या रूटला एका म्हाताऱ्याच्या पोटरीत असाच कोयता घुसलाय. आजून डोळ्यांफुडनं जात न्हाई त्ये रगात."

तो उगाच अडवत नव्हता. पण गाडी निघून गेली, आणि अनसूया दोरी खांद्यावर टाकून उभी राहिली.

मी तिच्या घरी गेलो तो त्या संध्याकाळी. गेलो म्हणजे, रस्त्यानं जात होतो आणि दाजींनी हाक मारली. मी त्या रस्त्यानं का जात होतो हे त्यांनी विचारलं नाही. ते पडवीत पाय लांब करून, गुडघ्यांना तेल लावत बसले होते.

"बघा मास्तरानू," दाजी म्हणाले, "आमच्या आज्यापासून कोयतो उघडो. आकडीक लावलो, पाठीर टाकलो, चललो. आता ह्या वयात म्यान खंयचा आणूचा? कोयतो काय लढाईक जाता?"

"गोणपाटात गुंडाळला तर?" मी विचारलं.

"गुंडाळलंय तर," आतून अनसूया म्हणाली. "गोणपाट कापून भायर इलो. कंडक्टरान परत उतरयल्यान."

"टपावर?"

"टपार लोखंडाक आपटान आपटान धार जाता. मगे शिरवलीक जावन काय नारळाक हात जोडूचे?"

शिरवली हाच खरा प्रश्न होता. डोंगरापलीकडे शिरवलीत परुळेकर म्हणून बागायतदार होते. त्यांच्या बागेचा पाडा, म्हणजे नारळ पाडायचं काम, दाजींच्या घराकडे किती वर्षं होता कोण जाणे. गिरपांचं वर्षाचं बरंचसं त्या एका बागेवर चाले. परुळेकरांचा निरोप आला होता: आयतवारी सकाळी कोयता दिसायला हवा, नाहीतर गोव्याकडची माणसं बोलावतो. शिरवली चालत गाठायची तर दुपार होते, आणि दुपारच्या उन्हात कुणी माडावर चढत नाही. आदल्या दिवशी जाऊन राहायचं तर एकट्या बाईनं कुणाच्या पडवीत झोपायचं? एसटी हाच रस्ता, आणि एसटीत कदम उभा.

"वेंगुर्ल्याच्या बाजारात एक चांभार बसता," दाजी म्हणाले. "पण तो गावाक गेलो. आता पाऊस पडल्याशिवाय येवचो नाय. आपल्या गावात एक चांभार आसतो, तर आज ही पाळी येती काय?"

मी पडवीच्या खांबाकडे बघत होतो. खांबावर एक मुंगी चढत होती. मी ती मुंगी पार आढ्यापर्यंत जाऊ दिली आणि मग म्हणालो, "मी करून बघतो. पुठ्ठ्याचं. पुस्तकाला बांधणी करतो तसं."

अनसूया दारात आली. "तुमी?"

"मापाला कोयता लागेल."

तिनं कोयता उचलला, माझ्यापुढे धरला आणि लगेच सोडला नाही. "जपान धरा. तो तुमका वळखणा नाय."

कोयता वर्तमानपत्रावर ठेवून मी त्याची बाह्यरेषा काढली, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हे पातं किती अडचणीचं आहे. तलवारीसारखं ते सरळ आत सरकत नाही. मुठीशी अरुंद, पुढे पोट सुटलेलं आणि टोकाला वाकलेलं. तोंडाकडून घालायला गेलं की वाकडं टोक अडतं. मी दोन वेळा पुठ्ठा वाया घालवला. मग सुचलं की म्यान पाठीकडून उघडायचं, पुस्तकासारखं. कोयता आत ठेवायचा, दोन्ही बाजू मिटायच्या आणि नाडीनं बांधायचं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. मी जाड पुठ्ठा घेतला, वर तांबडं बांधणीचं कापड चढवलं, आतून रंगीत नक्षीचा कागद डकवला. कोयत्याला आतून नक्षी कशाला हवी, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

दाजींनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं. "कोयत्याचा लगीन आसा काय?" एवढंच म्हणाले.

कदमनंही ते बघितलं, मान हलवली आणि अनसूयेला गाडीत घेतलं. त्या दिवशी मी ग्रंथालयात मुलांना न मागता पुस्तकं दिली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मधल्या सुट्टीत जिन्यावर पावलं वाजली. अनसूया ग्रंथालयात जिन्यानं आलेली मी तोवर बघितली नव्हती. माडावर जिला धाप लागत नाही ती दारात येऊन थांबली, कपाटांकडे बघितलं, आणि उघडा कोयता आणि तांबड्या म्यानाचे दोन तुकडे माझ्या टेबलावर ठेवले.

"पयल्या वळणार बरा होता," ती म्हणाली. "दुसऱ्या वळणार पुस्तकासारखा उघडला. कोयतो भायर इलो तो थेट बाबलशेटाच्या गोणीत. उकडे तांदूळ गाडीभर! डायवरान गाडी थांबयली. बाबलशेट तांदूळ वेची, कंडक्टर वेची, मी वेची, दोन बायो तर पदर भरून वेचीत होत्यो, त्यो घराकच घेवन गेल्यो."

"कुणाला लागलं नाही ना?"

"लागला तर. बाबलशेटाच्या काळजाक."

मला हसू आलं नाही. मी तुकडा उचलून बघितला. शिवण धारेच्या बाजूनं सुटली होती. प्रत्येक टाका स्वच्छ कापलेला. पुस्तकाच्या शिवणीला कधी धार भेटत नाही. कोयता मात्र गाडीच्या प्रत्येक धक्क्याला त्या दोऱ्यावरच बसत होता. मला हे कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही, पण मला कळायलाच हवं होतं.

"कंडक्टर काय म्हणाला?"

"म्हणता, चामड्याचा आणा. पुठ्ठो दिसलो तर बाईक घेवचंय नाय, कोयत्याक पण नाय." ती खिडकीशी गेली, गजांना धरून बाहेरच्या माडाकडे बघत राहिली. "हयसून माड बारको दिसता," ती म्हणाली. आणि मग तशीच, माझ्याकडे पाठ करून, "शिरवली गेली तर बापूस परत माडार चढतलो. मी नको म्हटलंय तरी चढतलो. त्येचे गुडघे वरच्या वर सुटतले, मास्तरानू."

कोयता तिथेच ठेवून ती गेली. घंटा झाली. मी तुकडे खणात टाकले.

आता सांगायला हवं. माझे वडील कागलच्या बाजूला पायताणं बांधत. आजोबाही तेच. चामडं मी बोलायला लागायच्या आधीपासून ओळखतो. पुस्तकं शिवायला मी जी आरी वापरत होतो ती वडिलांची होती. मुलांनी विचारलं की मी त्यांना सांगायचो, हे दाभण आहे. कोकणात येण्याआधी मी एका दुसऱ्या गावच्या शाळेत होतो. तिथे एकदा माझ्या घराबद्दल कळलं. कुणी काही बोललं नाही. फक्त शिक्षकांच्या खोलीत माझा पाण्याचा पेला एके दिवशी खिडकीत, वेगळा, पालथा घातलेला दिसला. त्या पेल्यात मी वर्षभर पाणी प्यालो आणि मग बदली मागून इकडे आलो. इथे माझा पेला सगळ्यांच्या पेल्यांत होता. देवळामागची खोली होती. विहिरीवर कुणी मला थांब म्हणत नव्हतं. आणि खिडकीबाहेर माड होता.

शाळा सुटल्यावर मी खोलीवर गेलो आणि ट्रंक उघडली. तळाशी चामड्याचं दप्तर होतं. मी मॅट्रिक झालो तेव्हा वडिलांनी ते शिवलं होतं, बाभळीच्या सालीत कमावलेल्या चांगल्या कातड्याचं. कॉलेजात ते नेलं तर पोरांना वास येईल म्हणून मी ते एकदाही खांद्याला लावलं नव्हतं. टाकवलंही नव्हतं. गावोगाव ते माझ्याबरोबर ट्रंकेत फिरत होतं. मी ते पाण्यात भिजत घातलं. खोलीभर तो वास पसरला, आणि मी दार लावून घेतलं.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी मी कामाला बसलो. कातडं कापायची रापी दप्तराच्या पाठीवर टेकवली तेव्हा हात थोडा थांबला, हे खोटं सांगत नाही. पण एकदा पहिला काप गेला की कातडं तुम्हाला विचार करू देत नाही. ओलं आहे तोवर वळवावं लागतं. मी ते कोयत्याच्या पोटावर दाबून बसवलं, बांधून सावलीत ठेवलं. आकार धरला, तसा दोन कातड्यांच्या मध्ये, धारेच्या अंगाला, जाड कातड्याची एक अरुंद पट्टी घातली आणि शिवण त्या पट्टीच्या बाहेरून घेतली. धार आता पट्टीवर बसणार, दोऱ्याला तिचं तोंडही दिसणार नाही. पाठीकडून उघडायची युक्ती मात्र मी पुस्तकाचीच ठेवली. ती माझी होती.

खोलीत उजेड पुरेना, म्हणून कधीतरी मी दार उघडलं. आणि टेबल सोडून कधीतरी मी जमिनीवर बसलो. म्यान डाव्या पायाच्या अंगठ्याखाली दाबलेलं, गुडघा छातीशी, मेणाचा दोरा दातांत, उजव्या हातात आरी. आमच्या घरी सगळे असेच बसत. मी कधी तसा बसलो ते मला कळलंही नाही.

"मास्तर."

दारात दाजी उभे होते, कोयता न्यायला आलेले. काठीवर दोन्ही हात, आणि डोळे माझ्या पायाकडे.

दोरा माझ्या तोंडातून पडला. पाय काढून घ्यावा असं वाटलं, पण काढला असता तर टाका सैल पडला असता. मी तसाच बसून राहिलो.

दाजी हळूहळू उंबऱ्यावर टेकले. गुडघे वाजले. कुठेतरी कुणी तरी विहिरीत कळशी सोडली, तिचा आवाज आला.

"असा बसूक शाळेत शिकयतत?"

"नाही."

"मगे?"

"वडलांकडं शिकलो."

"काय करतत वडील?"

"पायताणं बांधतात," मी म्हणालो. इतक्या वर्षांत हे वाक्य मी कुणापुढे मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. ते अगदी छोटं निघालं.

दाजींनी हात पुढे केला. मी म्यान दिलं. त्यांनी आत बोटं घातली, मधल्या पट्टीवरून अंगठा फिरवला, शिवण दोन्ही हातांनी ताणून बघितली. नाकाशी नेलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि तोवर मला अहोजाहो करणारा तो माणूस एकदम तुकारावर आला.

"ह्ये हात आसताना तू माझ्या चेडवाक पुठ्ठो दिलंस?"

मी आरी खाली ठेवली.

"पडवेर बसान मी म्हणत होतंय, चांभार व्हयो, चांभार व्हयो. आणि तू खांबाकडे बघी होतंस. माका वाटला, मास्तर इचार करता."

"मला भीती वाटली, दाजी."

"कोणाची? माझी?" ते स्वतःशीच मान हलवत राहिले. रागावले होते हे नक्की. नक्की कशावर, हे मला कळत नव्हतं. त्यांनी म्यान कमरेशी धरून बघितलं, नाडी सोडली, बांधली, पुन्हा सोडली. मग ते एकदम थांबले.

"ही गाठ उलटी."

"नाही, बरोबर आहे. उजव्या हातानं मूठ धरली की—"

"उजव्या? चेडू डावऱ्या हाताचा आसा!"

मला खरंच वाटेना. मग डोळ्यांपुढे खिडकी आणली. ती माडावर, माझ्याकडे तोंड करून. कोयता माझ्या उजवीकडे. म्हणजे तिच्या डावीकडे. ती समोरून दिसायची आणि मी तो हात सरळ उजवा धरून चाललो होतो.

"डावरा चेडू," दाजी म्हणाले, "पयल्या दिसापासून डावऱ्या हातान कोयतो मारता. सगळ्या गावाक म्हायती. आणि तू रे? एवढे दीस खिडकेतसून काय बघी होतंस?"

मी खाली मान घालून नाडीचे टाके उसवायला लागलो. दाजी उंबऱ्यावर बसूनच राहिले. नाडी दुसऱ्या अंगाला शिवून होईपर्यंत त्यांनी एक विडी ओढली, दुसरी ओढली, आणि मध्येच एकदा म्हणाले, "टाको जवळ जवळ घाल." एवढंच. म्यान आणि कोयता घेऊन गेले तेव्हा उद्याबद्दल काही म्हणाले नाहीत. काय वाटलं तेही म्हणाले नाहीत. मी रात्रभर विचार करत बसलो, की हा माणूस आता पडवीत कुणाकुणाला सांगेल.

रविवारी सकाळी मी स्टँडवर गेलो. मला कुठेही जायचं नव्हतं. पहिलं म्यान दुसऱ्या वळणावर फाटलं होतं; ते वळण पार होईपर्यंत गाडीत बसावं आणि पुढच्या फाट्यावर उतरून चालत परत यावं, असं ठरवलं होतं. गाडी भरलेली होती. बाबलशेटशेजारी एक जागा मिळाली. त्यांनी मांडीवर रेक्झिनची पिशवी ठेवली होती. या वेळी गोण आणली नव्हती.

अनसूया पायरीवर चढली. दोरी खांद्यावर, म्यान कमरेला. कदमनं हात आडवा धरला.

"दाखवा."

तिनं कमरेचं म्यान सोडून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते दाबलं, हलवलं, उलटं करून झटकलं. कोयता जागचा हलला नाही. तो वाकून शिवणीकडे बघायला लागला. मग त्यानं मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता. घरचं माणूस भेटावं तसा.

"ही शिवण हिकडची न्हाई. ही आमच्याकडची. घाटावरची." त्यानं मोठ्यानं विचारलं, "कुणी केलं ह्ये?"

सगळी गाडी त्या म्यानाकडे बघायला लागली. तांदूळ वेचणाऱ्यांपैकी निम्मे तिथे होते. अनसूयेला ठाऊक होतं. दाजींनी काल सांगितलंच असणार. ती माझं नाव घेईल असं मला वाटलं. तिनं नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. कुणी काही विचारलंच नाही अशा चेहऱ्यानं ती समोरच्या काचेतून रस्ता बघत उभी राहिली.

ती तशी का उभी आहे ते मला कळलं. मी गप्प बसलो असतो तर तिनं तो विषय कधीच काढला नसता, हेही कळलं.

"मी केलं," मी म्हणालो.

"मास्तर, तुमी?" पुढून कुणीतरी हसलं. "पुस्तकात वाचून?"

"घरी शिकलो. आमच्या घरी पायताणं बांधतात. वडील, आजोबा. आम्ही चांभार."

हसणं थांबलं. इंजिन तेवढं धडधडत होतं. कदमनं म्यान दोन्ही हातांनी अनसूयेला परत दिलं. "वडील कुठलं, मास्तर?"

"कागलच्या बाजूला."

"तरीच," तो म्हणाला आणि अनसूयेला वाट दिली. "जावा बाई, आत. आता गाडी पलटी झाली तरी ह्येच्यातनं कोयता येत न्हाई."

बाबलशेटनी सगळं ऐकलं होतं. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनी फक्त मांडीवरची पिशवी उचलली आणि आमच्या दोघांच्या मध्ये, सीटवर ठेवली. मग स्वतः खिडकीकडे सरकले. पिशवी ती केवढीशी. पण मला ती जागा ओळखीची होती.

अनसूया गर्दीतून आत आली. सीटजवळ थांबली. पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिनं डाव्या हातानं ती पिशवी उचलली आणि बाबलशेटच्या मांडीवर ठेवली.

"धरा, शेटानू. मागच्या खेपेक तुमचे तांदूळ सांडले. आता पिशयेक तरी जपा."

आणि ती मध्ये बसली. जागा नव्हतीच, तिनं केली. बाबलशेट पिशवी पोटाशी धरून बाहेरचे माड मोजायला लागले. तिच्या खांद्यावरची काथ्याची दोरी माझ्या दंडाला खरखरत होती, आणि माझ्या गुडघ्याला त्या म्यानाचं टोक लागलं होतं. अजून थोडं ओलं होतं ते.

गाडी सुटली. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती माझ्याकडे बघून हसत होती, खिडकीबाहेरून हसायची तशी.

"बसला आसा," ती म्हणाली. "हलणा नाय."

कदम तिकिटं फाडत आमच्यापाशी आला. मी खिशात हात घातला. "एक फाटा," मी म्हणालो.

"फाटो कित्याक?" अनसूया म्हणाली. "दोन शिरवली द्या."

"अहो, मी फक्त वळणापर्यंत—"

"बापूस इलो नाय. मी वरसून पाडतलंय, तर खाली नारळ गोळा कोण करतलो? बाबलशेट?"

बाबलशेटनी पिशवी आणखी घट्ट धरली. मागून कुणीतरी फिसकन हसलं. कदम पंच बोटांत धरून उभा होता, गाडीच्या धक्क्यांबरोबर हलत, एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत.

"लवकर बोला मास्तर. फाटा आलाच. बेल मारू का नको?"

झाडांमधून फाट्याचा दगड दिसायला लागला होता. तिथून घर चालत जाण्यासारखं होतं. अंगात शाळेचा पांढरा सदरा होता, आणि नारळ मी आयुष्यात कधी गोळा केला नव्हता.

"नको मारू," मी म्हणालो. "दोन शिरवली."